ग्वादालाहाराचे सिन्नरकर

सॅमी काळे माझ्या नवऱ्याला मिशी चिकटवत होता आणि मी मनातल्या मनात सॅमीचा फायदा मोजत होते. संध्याकाळ जमली तर त्याला गोव्याच्या हॉटेलची मॅनेजरकी मिळणार होती. समुद्राकडं तोंड असलेली खोली मिळणार होती. आणि त्याला 'वाढपी' म्हणणाऱ्या येवल्याच्या सासऱ्यासमोर पाय पसरून बसायचा हक्क मिळणार होता. माझ्या अंदाजानं पहिल्या दोन गोष्टी तो तिसरीसाठीच मागत होता. सॅमी स्वतःही येवल्याचाच. शाळेच्या दाखल्यावर समाधान.

मास्तरांना, म्हणजे माझ्या नवऱ्यालाच, घरची मिशी होती. ती मराठी दिसते, असं सॅमीचं म्हणणं पडलं, म्हणून सकाळी न्हाव्याकडून ती काढून घेऊन त्याच जागी संध्याकाळी दुसरी बसवणं चाललं होतं. मी म्हटलं, "समाधान, मिशी भाड्याची आहे की आमची झाली?" त्यानं डिंकाचा ब्रश तसाच धरून माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मावशी, इथं सॅमी म्हणा."

आमचा चंद्रकोर ब्रास बँड, सिन्नर. पोपटमास्तर अहिरे म्हणजे माझे मालक. ते ट्रम्पेट वाजवायचे आणि बाकीचे दहा जण त्यांच्या भुवईकडं बघून वाजवायचे. सुपारी घ्यायची की नाही, किती घ्यायची, टेम्पो कुणाचा सांगायचा, हे मी बघायची. बावीस वर्षं असंच. पार्टी बोलायला आली की मास्तर माझ्याकडं बघायचे, मी मान हलवायची, मग ते "बरं" म्हणायचे. लोक हसायचे. हसणाऱ्यांच्या घरची लग्नंसुद्धा आम्हीच वाजवलेली.

पण ते दिवस सरत आले होते. आषाढ लागला की लग्नं बंद, ती तुळशीच्या लग्नापर्यंत. ते चार महिने पूर्वीपासूनच कोरडे. आता उरलेल्या आठांतही डीजेची गाडी पुढं आणि आम्ही फक्त देवाला नारळ फोडेपर्यंत. वाद्यं मोडीत काढायची का, हे घरात बोललं गेलं होतं. मी भावसुद्धा विचारून आले होते. मोडीवाला पितळ किलोवर घेतो, आणि ट्रम्पेटच्या आतल्या स्प्रिंगा काढून बाजूला टाकतो, कारण त्या पोलादाच्या. हे मी मास्तरांना सांगितलं नव्हतं.

अशात सॅमी आला. गंगापूर धरणाच्या अंगाला द्राक्षमळ्यांत कासा वेर्दे नावाचं रिसॉर्ट झालं होतं, तिथले कार्यक्रम सॅमी बघायचा, आणि त्याला दर शनिवारी 'मारियाची आणि फ्लामेंको संध्या' करायची होती. मारियाची म्हणजे मेक्सिकोतला लग्नाबारशांत वाजवणारा ताफा. हे त्यानं मोबाइलवर दाखवलं तेव्हा मास्तर बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हे तर आपलेच लोक आहेत." काळे सूट, बाजूला चांदीच्या गुंड्या, दोन ट्रम्पेट पुढं, आणि नवरीच्या बापाकडं बघून वाजवणं. सगळं तेच. फरक टोपीचा.

खरे मेक्सिकोवाले परवडणार नव्हते, म्हणून आम्ही. वर्षभराचे सगळे शनिवार, आषाढ धरून. पहिली संध्याकाळ मालक बत्रासाहेब बघणार, आवडली तर सही झालेला करार लागू. अकरा घरांची चूल त्या कागदावर होती. अटी सॅमीनं वाचून दाखवल्या. पाहुण्यांसमोर तोंडातून मराठी शब्द काढायचा नाही. आम्ही सगळे ग्वादालाहारा नावाच्या गावाहून आलेले. आणि दीड तास वाजवणं कुठल्याही कारणानं थांबता कामा नये, कारण गाणं थांबलं की माणसं बिल मागतात. ही शेवटची अट मला पटली. मी सही केली.

गाणी मास्तरांनी आठ दिवसांत मोबाइलवरून उचलली. टोप्या बुरुडाकडून सांगून घेतल्या, पसरट टोपल्याच त्या, वरून मी मखमल ताणून बसवली. एक अडचण राहिली. त्या ताफ्यात एक भली मोठी गिटार असते, खर्जाची. सॅमीनं कुठूनशी आणली, पण वाजवणारा कोण. शेवटी ती आमच्या झांजवाल्या युनूसभाईंच्या गळ्यात घातली, कारण पोट शोभत होतं, आणि खरा खर्ज बांबूच्या बेटामागं उभा राहून आबा सोनवण्यानं युफोनियमवर, म्हणजे त्याच्या मोठ्या पितळी भोंग्यावर, द्यायचा ठरला. युनूसभाई नुसती बोटं हलवत. पुढं कार्यक्रमात त्यांना त्यात इतका रस आला की दाद आली की डोळे मिटायला लागले.

फ्लामेंको करणारी मात्र खरी होती. शर्वरी दातार, पुण्याची. आठ महिने स्पेनमध्ये राहून, तिथल्या एका म्हातारीच्या शिव्या खाऊन शिकून आलेली. पत्रिकेवर तिचं नाव लोला रामिरेझ छापलं होतं. पहिल्या दिवशी ती सॅमीला समजावून सांगत होती की हे दोन वेगवेगळे देश आहेत, मध्ये अख्खा समुद्र आहे, पंजाबचा भांगडा आणि कोकणातला दशावतार एकाच ताटात वाढल्यासारखं हे होईल. सॅमी म्हणाला, थाळी त्यालाच म्हणतात मॅडम. तिलाही शनिवार हवे होते. पुण्यात तिनं काढलेल्या वर्गाला तीन मुली येत होत्या, त्यांतली एक तिची भाची.

आमच्या लोकांशी तिचं जमायला दोन दिवस लागले. तिच्या नाचाला टाळ्यांचा ठेका लागतो, बारा मात्रांचा, आणि जोर भलत्याच मात्रेवर. आमच्या ताशावाल्यानं तो दुसऱ्या ऐकण्यात धरला. ती म्हणाली, हे शिकायला मला तीन महिने लागले. तो म्हणाला, ताई, तुमच्या वरातीत नवरा दारू पिऊन घोड्यावरून कधी पडला नसेल. आम्हाला मात्रा कुठंही सापडते.

तर त्या शनिवारी सहाला कार्यक्रम सुरू झाला. ऊन अजून होतं, मळ्यांवर तिरपं. हिरवळीवर चाळीस-पन्नास पाहुणे, मुंबईचे बरेच. पुढच्या टेबलावर बत्रासाहेब आणि गोव्याच्या हॉटेलचे दोघे. मी कडेला, पाण्याच्या घड्याएवढ्या एका कुंडीशेजारी उभी. कपड्यांसाठी सुईदोरा घेऊन. सॅमीनं माईकवर जाहीर केलं की हे कलाकार काल पहाटेच विमानानं उतरले. काल पहाटे आम्ही सिन्नरात टोप्यांवर मखमल ताणत होतो.

वाजवलं मात्र छान. मला मास्तरांचं वाजवणं आवडतं असं मी कधी तोंडावर सांगितलं नाही, सवय बिघडते. पण त्या दिवशी पहिल्याच गाण्याला त्यांनी वरची पट्टी घेतली आणि टेबलांवरचं बोलणं बसलं. पाहुणे मागं वळले. दुसऱ्या गाण्याला एक जाडसर बाई उठून नाचायला लागल्या. मग शर्वरी लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर चढली. खिळे मारलेले बूट, लाल झगा, मान अशी की सासरचं कुणी समोर असावं आणि तिनं ऐकायचं नाही ठरवलेलं असावं. तिच्या टाचा फळीवर पडायला लागल्या तेव्हा बत्रासाहेबांनी हातातला घास खाली ठेवला. गोव्याच्या दोघांतला एक दुसऱ्याच्या कानाला लागला. सॅमीनं मला लांबून अंगठा दाखवला. मी हिशेब केला: अजून पन्नास मिनिटं.

तेवढ्यात बांबूच्या कुंपणापलीकडं धूर दिसला.

हिरवळीच्या कडेनं खालच्या गावाचा रस्ता जात होता, नदीकाठच्या स्मशानाकडं. रिसॉर्टवाल्यांनी रस्ता दिसू नये म्हणून बांबू लावले होते, पण ते अजून विरळ होते. पुढं एक माणूस, हातात दोरीला लोंबणारं मडकं, त्यातून धूर. मागं चौघांच्या खांद्यावर तिरडी. मागं पंधरा-वीस माणसं. मयतीत जेवढा आवाज असतो तेवढाच, म्हणजे पायांचा.

बँडवाल्यांत एक रीत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही. समोरून मयत आली की वाजवणं बंद, वाद्यं खाली, मयत जाईपर्यंत उभं राहायचं. नवरा घोड्यावर असो, मुहूर्त टळत असो. मोठमोठ्या घरच्या वरातीत आम्ही असं थांबलोय आणि शिव्या खाल्ल्यात, पण शेवटी त्यांनाही थांबावं लागायचं, कारण मयतीवरून वाजत गेलेली वरात कुणाला नको असते.

आबाला बेटामागून आधी दिसलं. खर्ज बंद पडला. युनूसभाईंची बोटं हलतच होती, त्यामुळं गिटार मुकी झाल्यासारखी दिसली. मग एकेक करत सगळे, सांगावं न लागता. शेवटी मास्तरांचा एकट्याचा सूर उरला, तोही अर्ध्यात. शर्वरी फळीवर हात वर धरून तशीच थांबली. हिरवळीवर एकदम काट्याचमच्यांचे आवाज ऐकू यायला लागले.

सॅमी धावत चौथऱ्यापाशी आला. पाहुण्यांना पाठ करून, हसरा चेहरा तसाच ठेवून, दातांतून म्हणाला, "वाजवा. जोरात घ्या. कुणाला दिसलं नाहीये अजून."

मास्तर कुंपणाकडंच बघत होते.

"मास्तर, बत्रासाहेब बघतायत. करार आहे. नुसतं ढोल-ट्रम्पेट घ्या, दोन मिनिटांत ते पुढं जातील." मग शर्वरीला म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी. नुसते पाय."

शर्वरीनं हात खाली घेतले. फळीवर बसली आणि बुटांचे बंद सोडायला लागली. घाई नाही. एक बूट काढला, दुसरा काढला, शेजारी नीट ठेवले आणि अनवाणी उभी राहिली. "माझ्या पायात आवाज आहे," एवढंच म्हणाली, तेही मराठीत. गेला पहिला नियम.

मास्तरांनी हिरवळीवरून माझ्याकडं बघितलं. बावीस वर्षं बघत आले तसं. हिरवळीवरच्या दहाही टोप्या माझ्याकडं वळल्या. सॅमीही वळला. मी मान हलवली.

मास्तरांनी डोळे मिटले. ट्रम्पेट खाली केलं, टोपी काढून छातीशी धरली. बाकीच्यांनीही काढल्या.

"अरे, हे काय?" सॅमीचं हसू आता उतरलं. "मास्तर, शेवटचं सांगतो."

"मढ्यावरून बँड नेत नाहीत, समाधान," मास्तर म्हणाले. आवाज साधाच, पण माईक चालू होता. ग्वादालाहाराचा माणूस अस्सल सिन्नरी बोलला आणि ते मागच्या टेबलापर्यंत गेलं. कुणीतरी हसलं. नाचलेल्या जाड बाई आधी उभ्या राहिल्या, मग त्यांना बघून आणखी काही. बरेच बसूनही राहिले. एकानं तर वेटरला विचारलं की हाही कार्यक्रमाचा भाग आहे का.

एवढ्यावर भागलं असतं. मयत पुढं गेली असती, आम्ही पुन्हा वाजवलं असतं, सॅमीनं रात्री मालकाचे पाय धरले असते. पण तिरडीमागचा एक म्हातारा कुंपणाच्या फटीशी थांबला. आत बघितलं. काळे सूट, चांदीच्या गुंड्या, मखमली टोपल्या छातीशी धरलेले दहा जण. त्याला काय वाटलं असेल देव जाणे. हात जोडून म्हणाला, "मास्तर, बँड सिन्नरचा का?"

एवढ्या सोंगातून त्यानं ओळखलं कसं, हे मला आजही सांगता येत नाही. सूर ओळखला असेल.

मास्तर हो म्हणाले. म्हातारा म्हणाला, त्याची चुलती, नव्वदीच्या पुढची, पणतवंडं बघून गेली. वाजतगाजत न्यायची तिची इच्छा होती, पण डीजेवाला मयतीला येत नाही आणि बँड आता गावात कुणाकडं राहिला नाही. एवढं सांगून तो पुढं चालायलाही लागला. मागितलं असं काही नाही त्यानं.

या वेळी मास्तरांनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि बांबू बाजूला सारून रस्त्यावर उतरले. मागोमाग दहाही जण. आबा पोटाएवढा युफोनियम सांभाळत बेटातून बाहेर आला तेव्हा पाहुण्यांना खर्जाचं गूढ उकललं. युनूसभाईंनी गिटार गळ्यातून काढून माझ्या कुंडीला टेकवली, आणि बँडच्या गाडीतून स्वतःची थाळी-झांज घेऊन धावत त्यांना गाठलं. मयतीच्या मागं थोडं अंतर सोडून त्यांनी आमच्याकडची म्हाताऱ्या माणसांना पोचवायची अभंगाची चाल धरली. संथ. मेक्सिकोचा ताफा सिन्नरची चाल वाजवत उतारावरून नदीकडं गेला आणि सुर्व्या त्यांच्या गुंड्यांवर चमकत राहिला.

हिरवळीवर उरलो मी, अनवाणी शर्वरी आणि सॅमी. बत्रासाहेब नॅपकिन टाकून उठले आणि मालकांनी विचारायचं ते त्यांनी विचारलं: हा तमाशा कुणाच्या सांगण्यावरून?

सॅमीनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी मान हलवली."

तिथं मला सुटता आलं असतं. मी म्हटलं, "हो, मीच सांगितलं. बँड माझा आहे. मी थांब म्हटलं, ते थांबले. मी जा म्हटलं, ते गेले. तुमच्या हिरवळीचं भाडं किती झालं तेवढं सांगा, आणि रस्ता गावाचा आहे, त्याचं सांगू नका."

बत्रासाहेबांनी करार मागवला. सॅमीनं आणून दिला. त्यांनी फाडला, चार तुकडे केले; जाड कागद होता, चौथ्याला जोर लागला. मी तुकडे घेतले. म्हटलं, बारीक नोंदी पाठकोऱ्या बाजूला होतात. शर्वरी हसायला लागली. मग तिनं बूट हातात घेतले आणि माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आली.

परतताना टेम्पोत जो तो बोलत होता. नदीवर लोकांनी चहा दिला, म्हातारीच्या नातीनं टोपीला हात लावून बघितला, आबा चिखलात बसला. मग युनूसभाई म्हणाले, "वहिनींनी मान हलवली म्हणून. नाहीतर मास्तरांची काय हिंमत." सगळे हो म्हणाले. कुणी तरी म्हणालं, वहिनीला हिशेब कळतो, पण माणूसही कळतो. मास्तर टेम्पोच्या फळकुटाला टेकून अर्धी सुटलेली मिशी ओढून काढत होते.

घरी आल्यावर, दार लावल्यावर मी विचारलं.

"माझी मान दिसली नव्हती का?"

"दिसली."

"मी वाजवा म्हणत होते."

"कळलं होतं."

"मग?"

"म्हणून तर डोळे मिटले," ते म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. डिंक निघत नव्हता.

तेव्हा त्या हिरवळीवर मढ्यावरून वाजवा म्हणणारी दोनच माणसं होती. एक सॅमी आणि दुसरी मी. त्याला गोवा दिसत होता, मला मोडीवाल्याचा काटा. बत्रासाहेबांसमोर मी जे बोलले ते खोटं होतं. नवरा आपलं ऐकत नाही हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा करार गेलेला मला परवडला. इतकी साधी गोष्ट होती. तिला लोकांनी मोठी केली. सिन्नरात अजून सांगतात, अहिरे वहिनींनी रिसॉर्टच्या मालकाला कसं उभं धुतलं. सांगताना मी असले तर मीही ऐकते.

आता कुणी काय किंमत मोजली ते सांगून संपवते. सॅमीला गोवा मिळाला नाही. तो येवल्यात सासऱ्याच्याच मंगल कार्यालयाची देखरेख करतो आणि समाधानच म्हणवून घेतो. शर्वरीचे शनिवार गेले, आणि ते बूट पुढं दीड वर्ष पेटीत राहिले. आबा आणि ताशावाला दुसऱ्या वर्षी डीजेच्या गाडीवर गेले. युनूसभाईंनी झांज विकली, किलोवर. चंद्रकोर तीन वर्षांत मिटला, म्हणजे ती अकरा घरांनी मोजली. मी वाजवा म्हटलं होतं ही गोष्ट मास्तरांनी त्यानंतरच्या अठरा वर्षांत एकदाही, भांडणातसुद्धा, तोंडाबाहेर काढली नाही, आणि भांडणं थोडी झाली नाहीत. ती किंमत सगळ्यांत मोठी.

बाकी राहिले मी. मला सगळं नाव फुकट मिळालं होतं. म्हणून हे लिहून दिलं.